कूलर लावला आन् म्हाताऱ्या उडाल्या

कूलरचं बटण दाबलं आन् टेबलावरच्या तिन्ही ताटल्या रिकाम्या झाल्या.

एवढंच झालं. खाट् करून आवाज, मग घर्रर्र, आन् ताटल्यांतलं बी आधी जरासं फुगलं, चुलीवर दूध फुगतं तसं, आन् एकदम वर! छताला. पडद्यात. ट्यूबलाइटच्या मागं. माझ्या तोंडात, कारण माझं तोंड उघडंच होतं, मी "अगं आई गं" म्हणत होते. खोलीभर म्हाताऱ्याच म्हाताऱ्या. लहानपणी आपण फुंकर मारून उडवायचो ना, पांढऱ्या केसांच्या, एकेकीच्या पायाला एकेक बी, त्याच. एक म्हातारी उडाली तर पोरं तिच्यामागं गावभर पळतात. इथं किती होत्या देव जाणे, आन् त्यातली एकसुद्धा माझी नव्हती.

आन् माझी पोरगी, अडीच वर्षांची, खुर्चीवर चढून उभी. ताटल्यांवर झाकलेली जाळी, ती आंब्याबिंब्यावर झाकतात तसली मोठी छत्रीवाली जाळी, तिनं काढून टोपीसारखी डोक्यात घातलेली. खांद्यापर्यंत जाळी, आत नुसते डोळे आन् दात. दोन्ही हात वर करून ओरडतीय, "आई, बप्फ! बप्फ!"

मी बटण बंद करायला धावले. कूलरला तीन बटणं. घाबरल्या माणसाला तीन बटणं देऊ नयेत. मी जे दाबलं त्यानं वारा दुप्पट झाला.

जरा दम खाऊन सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी माणदेशातली. नववीतनं शाळा सुटली, कारण विचारू नका, लग्न झालं असं समजा. आमचे हे गलाई करतात. म्हणजे सोनं-चांदी आटवून, त्यातली भेसळ काढून, शुद्ध करून द्यायचं. आमच्याकडची निम्मी माणसं ह्याच कामापायी देशभर पांगलीत, कोण कुठल्या शहरात, कोण कुठल्या. आमच्या वाट्याला जयपूर आलं. झोटवाड्यात एक खोली, भाड्याची, आन् मी रोज सकाळी पोरीला कडेवर मारून ई-रिक्षानं वैशाली नगरला ताईंकडं कामाला. स्वयंपाक, झाडलोट, कपडे.

ताई पुण्याच्या. एकट्याच राहतात. इथं कॉलेजात झाडापानांचं शिकवतात. पहिल्या दिवशी मी दारात "नमस्ते मैडमजी" म्हणलं, आन् आत त्या फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, "अगं ठेव आता, बाई आली वाटतं." मराठी! मी दारातच रडायला लागले. त्यांना वाटलं, मला कुणीतरी मारलंय. पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं. मी म्हणलं, "काय नाही ताई, 'अगं' ऐकलं बऱ्याच दिवसांनी."

आता भीती कशाची, ते सांगते. पोरीची. सासूबाई गावाकडनं रोज फोन करतात. "पोरगी हिकडं पाठवून दे. तू कामावर, त्यो भट्टीवर, परमुलखात तिला कोण बघतंय?" आन् ह्यांचं निम्मं मन आईकडं. ह्यांनी मला साफ सांगितलेलं, "ताई पोरीला घरात येऊ देत्यात तवर ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. ज्या दिवशी नको म्हणतील, त्या आठवड्यात आई येऊन घेऊन जाईल. मग रडायचं न्हाई."

ताई येऊ देत होत्या. दोन अटी होत्या फक्त. एक, पोरगी मागच्या खोलीत जाता कामा नये. दोन, त्या खोलीत पंखा लावायचा नाही, कूलर लावायचा नाही, वारं म्हणून काही नाही.

एका बटणात मी दोन्ही मोडल्या.

मला दोष द्या, पण मे महिना होता हेही बघा. सकाळचे अकरा आन् बाहेर लू सुटलेली, दार उघडलं की तव्यावर तोंड धरल्यागत. पोरीच्या मानेवर घामोळं फुटलेलं, रडून रडून आवाज बसलेला. हॉलमधला पंखा गरम हवाच इकडनं तिकडं करत होता. घरात कूलर एकच, मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला. ताईंनी उन्हाळाभर तो बंद ठेवलेला, त्या बियांपायी. स्वतः मानेवर ओला टॉवेल टाकून पेपर तपासायच्या. त्या दिवशी परीक्षेच्या ड्यूटीवर गेलेल्या. मी म्हणलं, ताटल्यांवर जाळी आहे. दार उघडं ठेवलं की हॉलमधे गार येईल. पाचच मिनिटं. पोरगी झोपली की बंद.

पोरगी माझ्या मागनं आत शिरली आन् जाळी तिनं डोक्यात घातली, हे मला पाठीला डोळे असते तर दिसलं असतं. आन् कूलरच्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता, ते पण मला नंतर कळलं. नुसता कोरडा ठणठणीत वारा.

आता त्या बियांचं सांगते. ताई दर वर्षी पावसाळा सरता सरता हिमालयात जातात. झाडं संपतात त्याच्याही वर नुसती गवताची कुरणं असतात, तिकडं बुग्याल म्हणतात. तिथं गवतात बारकी बारकी फुलं येतात, पिवळी, जांभळी. शेवंतीच्या घराण्यातली. ताई म्हणायच्या, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, सगळी एका घराण्यातली. आन् आपली करडई पण! मी म्हणलं, "करडई? काटेवाली? ती आन् झेंडू सख्खे?" ताई म्हणाल्या, "चुलत." मला लय हसू आलं. आमच्या रानात करडई अन् बांधाला झेंडू, आयुष्यभर शेजारी राहिले आन् मला नातं माहीत नाही.

त्या सांगायच्या, हे एक फूल म्हणजे एक फूल नसतंच. गर्दी असते. एका देठावर पन्नास-शंभर बारकी फुलं दाटीनं बसलेली, यष्टीत बसतात तशी. प्रत्येकाचं एकेक बी होतं. मग प्रश्न असा की ही सगळी लेकरं जाणार कुठं? म्हणून कुणी केसांची छत्री करून वाऱ्यावर सोडतं. कुणाच्या बियांना आकडे असतात, ती मेंढ्यांच्या लोकरीत अडकून जातात. मेंढ्यांचं मला सांगायला नको, आमच्या भागात माणसांपेक्षा त्याच जास्त. गोखरू काढून काढून बोटं सोलायची आमची.

जानेवारीत आम्ही दोघींनी एक उद्योग केला होता. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर, मी खाली मोबाईल घेऊन. त्या वरनं एकच म्हातारी सोडायच्या आन् म्हणायच्या, "आता!" मी घड्याळ चालू करायचं, ती जमिनीला टेकली की बंद. किती हळू यायची! मधेच थांबायची, विचार करायची, परत निघायची. पोरगी तिच्याखाली तोंड वर करून फिरायची. एकदा ती बरोबर पोरीच्या नाकावर टेकली. ताई म्हणाल्या, "हे लिहू का नको?" आन् आम्ही दोघी जिन्यात बसून इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरच्या आंटी बघायला आल्या.

तर असल्या त्या बिया. डोंगर चढून, एकेका फुलावरनं हातानं खुडून आणलेल्या. आन् त्या आता पडद्यात होत्या.

शेवटी मी कूलरचा प्लगच उपटला. वारा थांबला. पण म्हाताऱ्या थोड्याच थांबतात? त्या आपल्या तरंगतायत. मी टॉवेल घेऊन धावले. टॉवेल हलवला की त्या पुढं. हात जवळ नेला की हाताच्याच वाऱ्यानं त्या पळायच्या. ओढणी पसरून धरली तर ओढणीला वळसा घालून गेल्या. मी हळू चालले, श्वास कोंडून, मांजरीसारखी, आन् अगदी नाकापुढं एक आली, धरणार तेवढ्यात मला शिंक आली.

पोरगी खुर्चीवरनं पडेपर्यंत हसली. आन् मग काय झालं मला कळलं नाही, मी पण हसायला लागले. डोळ्यांतनं भीतीचं पाणी आन् तोंडातनं हसू. असं तुम्हाला कधी झालंय का? पोट दुखायला लागलं. "बप्फ, आई, बप्फ पकल!" आन् मी बर्फ पकडतीय, मे महिन्यात, जयपुरात.

तेवढ्यात दारावर टकटक. जीव गेला माझा. उघडलं तर चौकीदार भैया. मिशा त्याच्या ह्या एवढ्या, वर वळवलेल्या, आन् उजव्या मिशीच्या टोकावर एक म्हातारी बसलेली, फुलासारखी.

"बाईजी, तकिया फट गया क्या? ऊपर से रुई आ रही है."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मिशीकडं बघितलं. म्हणलं, "भैया, हिलना मत."

"क्यों? क्या है? छिपकली है?"

"हिलना मत बोला ना!"

तो थिजला. मी दोन बोटांनी अलगद मिशीवरनं ती काढली. बिचारा डोळे मिटून उभा. मग म्हणलं, "भैया, मतलब, और भी गिरी हैं क्या नीचे?" तो म्हणाला, दोन-तीन गिरी, एक तो उड़ के रोड पार चली गई. रस्त्याच्या पलीकडं! एवढ्या लांबनं, डोंगरातनं, पाकिटात बसून आली आन् इथं रस्ता ओलांडून गेली. कूलरसाठी उघडलेली दुसरी खिडकी तशीच राहिली होती.

खिडकी लावली. मग मी भिंतीला टेकून बसले आन् स्वतःला म्हणलं, बाई, डोकं चालव. खळ्यावर भुसा उडायला लागला की आई काय करायची?

पाणी शिंपडायची.

तांब्या घेतला. ताटल्यांवर नाही, बियांवर नाही, नुसतं फरशीवर आन् पडद्यांवर बोटांनी शिंतोडे. ओल्या चादरी बांधल्या, एक खिडकीला, एक दाराला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर बादलीभर पाणी ओतलं, कूलर लावला मात्र नाही, आता मला कुणी हजार शपथा घातल्या तरी मी तो लावणार नव्हते. खोलीत वाळ्याचा वास सुटला.

आन् बघता बघता, खरं सांगते, म्हाताऱ्यांनी छत्र्या मिटल्या.

मिटल्या! केस आत ओढून घेतले, भिजलेल्या ब्रशसारखे झाले, आन् एकेक करून खाली आल्या. गुपचूप. जशा काही त्यांना कुणी हाक मारली, की घरी या, अंधार पडला. पोरगी जाळीतनं बघत राहिली. तिनं हाताची मूठ मिटून दाखवली मला. "मित्ली."

पुढचं काम मला येत होतं. गलाईवाल्याची बायको आहे मी. आमच्यात केर टाकत नाहीत. ह्यांच्या दुकानातली जमीन झाडली तरी तो केर डब्यात, हात धुतले तरी ते पाणी टबात, जुनं पायपुसणं, झिजलेला केरसुणीचा बुडखासुद्धा जाळून त्यातला कण काढतात. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी दुकानातला केर उकिरड्यावर टाकला होता तर चार माणसं उकिरड्यावर बसून चाळत होती. तेव्हापासून केर कसा काढायचा ते मला शिकवायला नको. कोपऱ्यापासून मधे. मऊ कुंचल्यानं, एकाच दिशेनं. पडदे काढून चादरीवर झटकले. गाद्यांच्या शिवणी. पोरीचं झबलं उलटं करून. माझी वेणी सोडून चादरीवर विंचरली. फरशी पुसलेलं पाणी फडक्यातनं गाळलं. पंख्याच्या पात्यावर स्टुलावर चढून. दोन वाजेपर्यंत मी चादरीच्या मधोमध एक ढीग केला. रस्ता ओलांडलेली सोडून, बाकी आल्या असाव्यात बहुतेक.

मग निवडायला बसले. तांदूळ निवडतात तसं. आन् निवडता निवडता मला दिसलं की बी तीन तऱ्हेचं आहे. एक लांब केसांचं, छत्रीवालं. एक आखूड केसांचं, न्हाव्यानं कापल्यासारखं. आन् एक टकलं, केस नाहीतच, जरा जाडसर.

तीन तऱ्हा, आन् ताटल्या तीन!

माझ्या जिवात जीव आला. देवानंच हिशोब जुळवून दिला असं वाटलं. कुठली बाई ज्वारी आन् बाजरी एका ताटलीत ठेवते? ताटल्यांखालच्या चिठ्ठ्या पण उडाल्या होत्या, त्यांवर बारीक इंग्रजी, त्यातलं मला कळत नव्हतं, पण आता कळायची गरजच काय? छत्रीवाल्या पहिल्या ताटलीत. आखूड दुसरीत. टकल्या तिसरीत. एकेक. एकही इकडची तिकडं नाही. सव्वातीन वाजले. पोरगी जाळी घालूनच झोपली. मी ताटल्यांकडं बघितलं आन् मला वाटलं, ह्यांच्या भट्टीतनंसुद्धा इतकं शुद्ध कधी निघालं नसेल. जाळी पोरीच्या डोक्यावरनं हळूच काढली, ताटल्यांवर झाकली. चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मी गाणं म्हणत होते.

फोन वाजला. ताई.

"अगं, निघाले मी, अर्ध्या तासात येते. ताटल्यांना हात नाही ना लावलास?"

"नाही ओ ताई."

बघा, खोटं किती पटकन येतं. चहा उतू गेला.

"आज मोजायला बसू आपण. तू पण बस. प्रत्येक ताटलीत छत्रीवाल्या किती आणि टकल्या किती, एवढंच."

"प्रत्येक ताटलीत? म्हणजे ताई, एकेका ताटलीत सगळ्याच जाती?"

"जाती नाहीत गं. एकाच झाडाची आहेत सगळी, एकाच फुलातली. फुलाच्या मधे बसतात त्यांना छत्री येते, ती लांब जातात. अगदी कडेला बसतात ती टकली, ती आईच्या पायाशीच पडतात. मधल्या ओळीतली अधलीमधली."

"आन् मग तीन ताटल्या कशाला?"

"डावीकडची खालच्या कुरणातली, मधली मधल्या, आणि उजवीकडची पार वरची, बर्फाला लागून. वर वारा भयंकर असतो ना. लांब गेलेलं बी खडकावर पडतं, बर्फात पडतं, वाया जातं. आईच्या पायाशी निदान माती तरी आहे, तिथं एक झाड जगलेलं आहे. तर मला बघायचंय, जसजसं वर जावं तसतशी आई जास्त लेकरं जवळ ठेवते का. कळलं? चल, सिग्नल सुटला."

कळलं. इतकं कळलं की गॅस बंद करायला पण हात उचलंना.

मी शुद्ध केलं होतं सगळं. जे मिसळलेलंच ठेवायचं होतं, तेच मी निवडून, वेगळं करून, चकचकीत मांडलं होतं. करडईच्या रानातली आन् गलाईच्या घरातली, मला दुसरं काही सुचणारच नव्हतं. वाऱ्यानं तिन्ही कुरणं आधीच एक केलेली, आन् आता कुठली टकली बर्फाजवळची आन् कुठली खालची, हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नव्हता.

पंचवीस मिनिटं होती.

आन् मला रस्ता दिसला, लगेच दिसला, भीतीला रस्ते फार पटकन दिसतात. तिन्ही ताटल्या परत एकत्र ओतायच्या. हात फिरवायचा. तीन मुठी भरायच्या, एकेक मूठ एकेका ताटलीत. चिठ्ठ्या खाली सरकवायच्या, कुठलीही कुठंही. संपलं. ताई मोजतील, वहीत लिहितील. कुणाला कळणार? बी थोडंच बोलतं? पोरगी माझ्याजवळ राहील.

मी ओतलं एकत्र, चादरीवर. हो, ओतलं. हात फिरवला. पहिली मूठ भरली.

पोरगी जागी झाली होती. तिनं जाळी परत डोक्यात घातली होती, आन् शेजारी येऊन तिनं पण मूठ भरली. मला मदत करत होती. माझ्याकडं बघून, मी जशी भरली तशीच. "ताईला?" म्हणाली.

आन् मला एकदम दिसलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर ताई, "हे लिहू का नको?" विचारणाऱ्या. नाकावर बसलेली म्हातारी त्यांनी वहीतनं खोडली होती, कारण ती खरी पडली नव्हती, पोरीच्या नाकानं अडवली होती. एवढ्याशा कारणासाठी खोडली. त्या वहीत मी माझ्या तीन मुठी घालणार होते.

खाली स्कूटर थांबली. भैयाचा आवाज, "मैडमजी, आपके यहाँ आज तकिया फटा था."

मेले, म्हणलं.

ताई दारात. चादर खाली पसरलेली, मधे ढीग, ताटल्या रिकाम्या, पडदे काढलेले, मी केस सोडलेले, पोरगी जाळीत. मी एका दमात सगळं सांगितलं. बटण, जाळी, शिंक, मिशी, तांब्या, तीन ताटल्या, तीन तऱ्हा, आन् मुठी. मुठींचं पण सांगितलं. कुठं थांबले नाही, थांबले असते तर खोटं आलं असतं.

ताई पर्स खांद्याला तशीच ठेवून जमिनीवर बसल्या. ढिगातली एक टकली बोटावर उचलून बघितली. मग म्हणाल्या, "सगळं निवडलं होतंस?"

"एकेक."

"अरे देवा." मग उठल्या. "उद्यापासून..." म्हणाल्या आन् पुढचं न बोलताच बाथरूममधे गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. लय वेळ नळ चालू होता. मी पोरीला घट्ट धरलं. मनातल्या मनात तिची झबली पिशवीत भरत होते. लाल वर, निळं खाली.

नळ बंद झाला. ताई बाहेर आल्या, तोंड ओलं. पोरगी माझ्या हातातनं सुटली आन् त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मूठ उघडली. आत एक म्हातारी, घामानं भिजून चिकटलेली.

"मित्ली," पोरगी म्हणाली.

"काय मिटली?"

"छत्री ओ ताई," मी म्हणलं. "पाणी शिंपडल्यावर सगळ्यांनी मिटल्या छत्र्या. मगच खाली आल्या."

ताईंचा चेहरा बदलला. "थांब. पाणी बियांवर पडलं होतं का?"

"नाही. फरशीवर. अंगावर नाही पडू दिलं."

"नुसत्या ओल्या हवेनं? किती वेळात? एकदम का हळूहळू? टकल्यांचं काय झालं?"

"त्यांना कुठं छत्री, त्या पडल्याच होत्या टेबलाखाली. उडालीच नव्हती त्यातली एक पण."

ताई आत गेल्या आन् केस वाळवायचं मशीन घेऊन आल्या. मग आम्ही तिघी जमिनीवर पोटावर पडलो, मी खरं सांगते, परीक्षेची ड्यूटी करून आलेली प्रोफेसर बाई पोटावर, आन् एक म्हातारी मधे. लांबनं गरम हवा दिली, छत्री उघडली. ओला रुमाल जवळ धरला, मिटली. उघडली. मिटली. पोरगी प्रत्येक वेळी ओरडायची. ताई पण ओरडायला लागल्या. "वर धुकं उतरलं की ह्या असंच करतात," म्हणाल्या. "ओल्या हवेत निघून काय उपयोग, दोन हातांवर पडायच्या. मिटून बसतात. ऊन, वारा आला की निघतात. वाचलं होतं गं मी, माहीत होतं. पण स्वतःच्या घरात, कूलरपुढं..." आन् हसायला लागल्या, आन् मधेच डोळे पुसले. ते पाणी हसून आलं होतं का कशानं, मी विचारलं नाही.

मग त्यांनी कपाट उघडून पाकिटं बघितली. खालच्या दोन कुरणांची निम्मी शिल्लक होती. वरची, बर्फाजवळची, सगळीच ताटलीत ओतली होती. ते पाकीट त्यांनी उलटं करून हातावर झटकलं. काही निघालं नाही.

"वर परत चढायचं आता," म्हणाल्या. "पावसाळा सरला की." गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या. त्यांचा डावा गुडघा दुखतो, जिना उतरताना त्या कठडा धरतात, ते मला माहीत होतं.

मला धीर धरवंना. "ताई, ते उद्यापासून काय?"

"काय?"

"तुम्ही मघाशी म्हणालात, उद्यापासून."

"हां. उद्यापासून त्या खोलीला कुलूप. वरच्या बाजूला, हिचा हात पुरणार नाही असं. आणि ताटल्यांसाठी मी दुसरी जाळी आणते." पोरीकडं बघितलं. "ही आता हिचीच झाली."

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. हे ताटावर हात आपटून म्हणाले, "खुळी हायस का काय तू? तीन मुठी टाकायच्या आन् गप बसायचं! पोरगी गेली असती ना हातची!"

मी म्हणलं, "तुमच्या भट्टीत कुणी दुसऱ्याच्या सोन्यात असं केलं तर?"

"ते सोनं हाय गं!"

"हे पण कुणाचं तरी सोनंच होतं."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस."

सांगितलं नाही. पण माझ्या मनातनं ते जात नाही. ताई दिसल्या, जिन्यात कठडा धरताना दिसल्या, की वाटतं, तीन मुठी टाकल्या असत्या तर ह्या बाईला तो डोंगर परत चढावा लागला नसता. वही भरली असती, आनंदात राहिल्या असत्या. आन् लगेच वाटतं, नको बाई. आन् परत वाटतं. पोरगी जाळी घालून घरभर फिरते, आता ई-रिक्षात पण काढत नाही, लोक बघतात.

तुम्ही सांगा. खाली स्कूटर थांबलीय, चहा उतू गेलाय, तुमच्या हातात एक मूठ, पोरीच्या हातात एक मूठ. तुम्ही काय केलं असतं?